ड्रोनचे रॉ फोटो ‘खराब’ निघतात तेव्हा

माझ्या मावसभावाचा फोन महिन्यातून एकदा तरी येतो आणि सुरुवात ठरलेली असते, “दादा, फोटो परत खराब झाले रे.” तो इंदूरच्या राजेंद्रनगरला राहतो, मी रामबागेत. मग रविवारी सकाळी तो लॅपटॉप काखेत मारून येतो, आई पोह्यांवर शेव जरा जास्तच पेरते, आणि आम्ही दोघं त्या ‘खराब’ फायली एकेक करून उघडत बसतो. असे पंधरा-वीस रविवार तरी झाले असतील. त्यात खरोखर बिघडलेली फाईल दोनदाच निघाली. बाकी वेळी फोटो धडधाकट होता, आम्ही भलतंच काहीतरी बघत होतो.

म्हणून आधी हे समजून घ्या, की शटरचं बटण एकदा दाबलं की ड्रोनवाल्याच्या पदरात साडेतीन चित्रं पडतात. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांसारखी.

पहिलं चित्र मोबाईलच्या अॅपमध्ये दिसतं. ते ड्रोनकडून हवेतून, रेडिओवरून आलेलं असतं, मोबाईलच्या पडद्यापुरतं लहान केलेलं. दुसरं म्हणजे कार्डावरची जेपीजी. तिसरं रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची नोंद, बहुतेक ड्रोनमध्ये डीएनजी फाईल. आणि उरलेलं अर्धं चित्र त्या डीएनजीच्या पोटात दडलेलं असतं, एक छोटी तयार झलक. फाईल उघडायला वेळ लागतो तोवर दाखवायला काहीतरी हवं म्हणून कॅमेऱ्यानेच ती आत ठेवलेली असते. काही ड्रोनमध्ये ही झलक इतकी लहान असते की लॅपटॉपभर ताणली तर कौलारू घर आणि कडब्याची गंजी सारखीच दिसते.

तक्रार कुठलीही असो, पहिला प्रश्न हाच: या साडेतिनांपैकी आपण नेमकं कोणतं बघतोय?

ओळखायची सोपी खूण म्हणजे फाईलचं वजन. माझा ड्रोन १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ४००० गुणिले ३०००, एक कोटी वीस लाख ठिपके. कॉम्प्रेस न केलेल्या रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. झाले दोन कोटी चाळीस लाख बाइट. विंडोज हिशेब १०२४ च्या पटीत करतं, त्यामुळे ते २३ एमबीच्या आसपास आकडा दाखवतं. माझ्याकडची प्रत्येक डीएनजी एवढीच भरते, मग फोटो राजवाड्याचा असो की नुसत्या आभाळाचा. जेपीजी मात्र चार-सहा एमबीत आटोपते आणि चित्रात बारकावे किती आहेत त्यावर कमीजास्त होते. मावसभावाने एकदा ‘रॉ’ म्हणून जे पाठवलं ते तीनशे केबीचं होतं. ते पाहिल्यावर पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

मोबाईलवर रॉ का येत नाही

ते तीनशे केबी व्हॉट्सअॅपचे होते. साधा फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप चित्र लहान करतं आणि नव्याने जेपीजी बनवतं. रॉ पाठवायचीच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, तशी ती जशीच्या तशी जाते. २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाईल चालते, तेव्हा २३ एमबीचं काहीच नाही.

पण मुळात मोबाईलमध्ये रॉ आलेली असायला हवी. बऱ्याच ड्रोनच्या अॅपमध्ये अल्बम उघडून डाउनलोड दाबलं की जेपीजीच उतरते, डीएनजी कार्डावरच राहते. सगळ्यांत महागात पडणारी चूक इथेच होते. अॅपच्या अल्बममध्ये फोटो दिसतात, म्हणजे ‘आले मोबाईलमध्ये’ असं समजून माणूस कार्ड फॉरमॅट करून मोकळा होतो. त्याच्या हाती राहते ती रेडिओवरून आलेली पडद्यापुरती प्रत. मोबाईलवरच काम करायचं असेल तर टाइप-सीचा छोटा कार्ड रीडर लावून डीएनजी फाईल मॅनेजरमधून उतरवा आणि स्नॅपसीड किंवा लाइटरूमच्या मोबाईल अॅपमध्ये उघडा, दोन्ही डीएनजी वाचतात. मोबाईलची गॅलरी काय दाखवते त्यावरून काही ठरवू नका.

आणि हो, सेटिंगमध्ये नुसतं जेपीजी निवडलेलं असेल तर रॉ बनतच नाही. हे लिहायलाही संकोच वाटतो, पण पंधरा-वीसपैकी दोन रविवार यातच गेलेत.

लॅपटॉपवर पांढरा कागद, नाहीतर धुरकट चित्र

विंडोजला डीएनजी दाखवता येत नसेल तर फोटोच्या जागी कोरं चिन्ह दिसतं, किंवा पोटातलं ते अर्धं चित्र ताणून दाखवलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये ‘रॉ इमेज एक्स्टेन्शन’ फुकट मिळतं. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून पुढे ते चालतं. टाकल्यावर फोल्डरमध्ये छोटी चित्रं दिसायला लागतात आणि निवडणं सोपं होतं. निवडण्यापुरतंच हं. फोटो शार्प आहे की नाही, फोकस बसलाय की नाही, याचा निकाल फोटो दाखवणाऱ्या साध्या प्रोग्रामवर लावू नका. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत. त्यात फाईल उघडा, शंभर टक्के मोठी करा, मग बोला.

लाइटरूमची जुनी आवृत्ती असेल आणि ती नव्या ड्रोनच्या फाईलला नकार देत असेल, तर अॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, एकदा त्यातून काढून बघा. डीएनजी हा साचा अॅडोबीनेच २००४ मध्ये आणला. प्रत्येक कॅमेरा कंपनीची रॉ वेगळ्या तऱ्हेची असायची, ती एका साच्यात यावी हा हेतू होता. ड्रोनवाल्यांनी तो बऱ्यापैकी उचलला, त्यामुळे इतर कॅमेऱ्यांच्या मानाने आपलं सोपं आहे.

डोळ्यांदेखत फोटो बिघडतो

ही मावसभावाची लाडकी तक्रार. फाईल उघडली की एक सेकंद मस्त रंगीत चित्र दिसतं आणि लगेच ते मरगळतं, हिरवं पिवळट होतं, आभाळ फिकं पडतं. “बघ, बघ, तुझ्यासमोर बिघडलं!”

त्या पहिल्या सेकंदाला दिसतं ते अर्धं चित्र. कॅमेऱ्याने आपल्या पद्धतीने रंग चढवून, कॉन्ट्रास्ट वाढवून तयार ठेवलेलं. नंतर प्रोग्राम खरी रॉ स्वतः शिजवतो, ते दुसरं दृश्य. रॉमध्ये प्रत्येक ठिपक्याला एकच रंग नोंदलेला असतो: दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी या मांडणीचं पेटंट १९७६ मध्ये मिळवलं आणि आज जवळपास प्रत्येक मोबाईल आणि ड्रोनमध्ये हीच मांडणी असते. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरावे लागतात आणि प्रत्येक प्रोग्रामचा अंदाज वेगळा. एकाच डाळीला आमची आई आमसूल घालते, मावशी चिंच. डाळ खराब नसते.

मग एवढा खटाटोप कशाला, असं मावसभाऊ विचारतोच. आमच्या माळव्यातली काळी माती आणि सकाळचं पांढरं आभाळ एका फोटोत घ्यायचं असेल तर जेपीजीत दोन्हीपैकी एक हातचं जातं, कारण तिच्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्याच असतात. १२ बिटच्या रॉमध्ये त्या ४०९६ असतात. सावलीतला बांध उचलून वर आणता येतो, तोही चट्टे न पडता.

याच्याच जोडीची एक तक्रार म्हणजे क्षितिज वाकलेलं आणि कोपरे काळवंडलेले दिसतात. ड्रोनची लेन्स रुंद कोनाची असते, ती रेषा वाकवणारच. जेपीजी बनवताना ड्रोन ते स्वतः सरळ करतो. रॉमध्ये मात्र ‘असं असं सरळ करा’ ही सूचना तेवढी लिहिलेली असते. लाइटरूम ती पाळतं, काही प्रोग्राम तिच्याकडे बघतही नाहीत. अशा वेळी लेन्स करेक्शनच्या खान्यात जाऊन हाताने चालू करा. लेन्स बदलायला निघालेला एक माणूस मी थांबवलाय.

नावांचा घोळ: हे मात्र खरं नुकसान

इथे थोडं जास्त लिहितो, कारण इथे माझे स्वतःचे फोटो गेलेत.

कॅमेऱ्यांच्या फायलींना नावं कशी द्यायची याचा १९९८ चा एक जपानी नियम आहे, डीसीएफ नावाचा. चार अक्षरं, मग चार आकडे. फोल्डरचं नाव १०० पासून सुरू होणाऱ्या तीन आकड्यांनी. बऱ्याच कंपन्यांचा ढाचा हाच. त्यामुळे जेपीजी आणि डीएनजी यांचं नाव सारखं आणि शेपूट तेवढं वेगळं असतं, ते सोयीचंच आहे. गैरसोय अशी की आकडे संपले, नवं फोल्डर सुरू झालं किंवा कार्ड फॉरमॅट केलं, की कित्येक ड्रोन पुन्हा ०००१ पासून मोजायला लागतात. म्हणजे तुमच्याकडे ००३७ नावाचे चार फोटो असू शकतात, चार वेगवेगळ्या दिवसांचे.

सांवेरकडे आमच्या काकांचं शेत आहे, सोयाबीनचं. पाणी कुठे तुंबतं ते वरून दिसेल म्हणून जुलैत पेरणीनंतर मी साठेक फोटो काढले. पीक पिवळं पडायला लागल्यावर सप्टेंबरात पुन्हा गेलो, त्याच उंचीवरून तेच तुकडे टिपले. दोन्ही शेजारी ठेवायचे, म्हणजे तुंबलेलं पाणी आणि पिवळा पट्टा जुळतो का ते कळेल, असा बेत होता. रात्री उशिरा सप्टेंबरचं कार्ड लावलं, सगळं निवडलं आणि ‘सांवेर शेत’ या जुन्याच फोल्डरात पेस्ट केलं. विंडोजने विचारलं, या नावाच्या फायली आधीच आहेत, बदलायच्या का? मला वाटलं मघाशी अर्धवट कॉपी झाली असेल, तीच विचारतंय. हो म्हणून टाकलं. जुलै संपला. जुलैचं कार्ड कधीच पुसून वापरात आलं होतं.

काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “अरे, पाऊस काय दर वर्षी येतोच. पुढच्या जुलैत ये.”

तेव्हापासून माझ्या घरी प्रत्येक उड्डाणाचं फोल्डर वेगळं असतं आणि नावात आधी साल, मग महिना, मग तारीख, मग जागा: ‘२०२५-०७-१२ सांवेर’. या क्रमाने लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेवारी लागतात. बदलायचं का असं विचारणारी खिडकी आली की उत्तर नेहमी ‘नाही’, मग झोप आलेली असो वा नसो. ‘कट’ मी वापरतच नाही. कॉपी झाल्यावर कार्डावरचं फोल्डर आणि लॅपटॉपवरचं फोल्डर, दोन्हींची प्रॉपर्टीज उघडून फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवतो. आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळला पाहिजे. मग दुसऱ्या डिस्कवर एक प्रत, आणि त्यानंतरच ड्रोनमध्ये कार्ड फॉरमॅट.

आणखी एक युक्ती. मायक्रोएसडी ज्या मोठ्या अॅडॉप्टरमध्ये घालतो, त्याच्या कडेला एक इवलीशी पट्टी असते, लॉकची. बरेच जण ती चुकून सरकल्यामुळे ‘कार्ड राइट प्रोटेक्टेड’ म्हणून घाबरतात. मी ती मुद्दाम लॉक करून कॉपी करतो. तसं केलं की लॅपटॉपवरून कार्डावरचं काही पुसलं जाण्याची भीती राहत नाही.

कार्ड दिसत नाही, रिकामं दिसतं, फॉरमॅट मागतं

हे भराभर सांगतो. ड्रोन केबलने जोडलात आणि लॅपटॉपला पत्ताच नाही, तर आधी केबल बदला. चार्जिंगपुरत्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. ड्रोनही चालू असावा लागतो, आणि पंखे थांबलेले असताना तो चांगलाच तापतो, म्हणून मी कार्ड काढून रीडरमध्येच लावतो.

कार्ड रिकामं दिसलं तर कार्ड नीट बसलं नव्हतं का ते आठवा. काही ड्रोनच्या पोटात स्वतःची थोडी मेमरी असते, फोटो तिथे गेलेले असतात. मग मात्र केबलला पर्याय नाही.

जुन्या रीडरमध्ये ६४ जीबीचं कार्ड घातलं की खिडकी येते, ‘डिस्क फॉरमॅट करायची आहे का?’ करायची नाही! ३२ जीबीवरची कार्डं एक्सफॅट नावाच्या साठवणीच्या पद्धतीची असतात, जुन्या रीडरला किंवा जुन्या प्रणालीला ती वाचता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. रीडर बदला. जेल रोडला डझनभर दुकानं आहेत.

आणि फायली दुप्पट दिसतायत, अर्ध्या ४ केबीच्या, उघडत नाहीत? कार्ड कुणाच्या तरी मॅकला लागून आलंय. एक्सफॅटच्या कार्डावर मॅक स्वतःच्या नोंदींसाठी टिंब आणि अधोरेखेने सुरू होणाऱ्या छोट्या फायली लिहितं. मॅकवर त्या दिसत नाहीत, विंडोजवर दिसतात. त्यांना फोटो समजून रडू नका, त्यांच्या शेजारीच २३ एमबीची खरी फाईल पडलेली असते.

खरोखर बिघडलंय तेव्हा

फोटोचा वरचा भाग ठीक आणि खालचा करडा किंवा गुलाबी पट्टा, असं झालं तर तीच फाईल कार्डावरून दुसऱ्या रीडरने पुन्हा कॉपी करा. आता उघडली तर पहिली कॉपी फसली होती, सुटलात. त्याच रेषेवर तुटली तर बिघाड कार्डावरच आहे.

जुने फोटो उघडतात आणि एका ठरावीक फोटोनंतरचे सगळे मेलेले, असं असेल तर कार्ड नकली असण्याची दाट शक्यता. वर १२८ जीबी छापलेलं, आत १६. भरल्यावर नावं लिहिली जातात, मजकूर जात नाही. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा फुकट प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो आणि खरी क्षमता सांगतो. लिनक्स किंवा मॅकवर एफ-थ्री. नवं कार्ड घेतलं की ड्रोनमध्ये घालायच्या आधी मी ही चाचणी लावूनच झोपतो.

चुकून पुसलं गेलं असेल तर त्या कार्डावर काहीही लिहू नका, एक फोटोसुद्धा काढू नका. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम डीएनजी शोधून काढतो, फक्त सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. जुनी नावं परत येत नाहीत, तारीख मात्र फाईलच्या आतल्या नोंदीत सापडते.

आता त्या खरोखर बिघडलेल्या दोन फायलींपैकी दुसरीबद्दल. दिवाळीच्या पाडव्याला सगळे सांवेरला जमले होते. मावसभावाने खळ्यात सगळ्यांना उभं केलं, सगळ्यांनी वर बघून हात केले, त्याने तीन-चार फोटो घेतले, ड्रोन उतरवला आणि आजी वाट बघतेय म्हणून टेकल्या टेकल्या बॅटरी बंद केली. पाचाच्या ब्रॅकेटिंगवर ड्रोन होता, म्हणजे एका दाबाला पाच डीएनजी, सव्वाशे एमबीच्या आसपास. कार्ड सेकंदाला ३० एमबीने लिहीत असेल तर चार सेकंद लागणार. ते त्याने दिले नाहीत. शेवटच्या फोटोची जेपीजी शून्य केबीची निघाली, डीएनजी मध्येच तुटलेली, आणि नेमक्या त्याच फोटोत आजी वर बघत होती. आधीच्यांत ती पदर सावरत होती.

दोन रविवार गेले. डार्कटेबल उघडेना, लाइटरूम उघडेना. शेवटी एक्झिफटूल नावाच्या प्रोग्रामने फाईलच्या पोटातली झलक बाहेर काढून बघितली. ती फाईलच्या सुरुवातीच्या भागात असल्यामुळे वाचली होती. जेमतेम तळहाताएवढं चित्र. मी मावसभावाला म्हणालो, हे छापता वगैरे येणार नाही बरं.

“नको छापायला,” तो म्हणाला. “आजीच्या मोबाईलवर लावायचाय.”